गीझरखालची बादली

१

नवा व्हॉल्व्ह बसवून चार दिवस झाले नाहीत, तोच निबियाच्या गीझरखालची बादली पुन्हा वाजायला लागली.

गीझर तापला की आतलं पाणी फुगतं. त्या फुगलेल्या पाण्याला वाट हवी, म्हणून टाकीच्या बुडाशी, थंड पाणी शिरतं तिथे, एक पितळी व्हॉल्व्ह असतो. तो जास्तीचं पाणी थेंबाथेंबाने खाली सोडतो. तापताना गळला तर समजायचं, बिचारा आपलं काम करतोय. थंड असताना गळला तर समजायचं, गेला कामातून. मिनास गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. घरोघरी न्हाणीघराच्या भिंतीवर असं एक पांढरं पिंप टांगलेलं असतं, आणि त्याखाली एखादी बादली नाहीतर आइस्क्रीमचा रिकामा डबा.

निबियाची बादली दुपारी सव्वाचारला वाजायची. आणि दुपारी सव्वाचारला तिचा गीझर बंद असायचा.

सकाळी सहाला बटण लावायचं, सातला बंद करून आंघोळ उरकायची, की दुसऱ्या दिवशीपर्यंत त्या बटणाला हात लावायचा नाही. बटण न्हाणीघराच्या बाहेर, बोळात, स्वयंपाकघराच्या दाराला लागून. त्यावर एक बारका लाल दिवा. दिवा लागलेला असताना कुणी आंघोळीला शिरत नाही, आणि न्हाणीघराचं दार लावलेलं असताना बाहेरच्याने बटणाला हात लावायचा नाही. इथे पोरं धड बोलायच्या आधी हे शिकतात. वीज आणि पाणी एकाच पिंपात. भरवसा कोण ठेवणार?

सव्वाचारला निबिया सपाता घासत, डावा पाय नेहमीसारखा जरा ओढत बोळात जाऊन उभी राहिली. दिवा बंद. न्हाणीघराचं दार लोटलेलं. आत बादलीत टप-टप. मग थोडा वेळ काहीच नाही. मग परत टप-टप.

"मेल्याने मला भंगार व्हॉल्व्ह चिकटवला," ती मोठ्याने म्हणाली आणि डार्डोला फोन लावला.

२

डार्डो प्लंबर. पन्नाशीचा, पोट सुटलेला, तोंडाचा फटकळ पण हाताचा साफ. निबियाचा नवरा हेबेर्ट गेला त्याला तीन वर्षं झाली. डार्डो त्याचा पत्त्यातला भिडू होता. तिला तो मानाने 'दोन्या', म्हणजे बाईसाहेब, म्हणायचा.

"दोन्या निबिया, वीस वर्षं मी व्हॉल्व्ह बसवतोय. बसवून आठवड्यात गळला अशी तक्रार फक्त तुमची. तुम्ही त्याला टोचून तर बोलत नाही ना?"

"त्याला कशाला? तुलाच बोलणार आहे. आधी बूट पूस."

त्याने बूट पुसले. मेन नळ बंद केला, गरम पाण्याची तोटी सोडून टाकीतला दाब काढला, पाना लावून जोडपाईप ढिला केला आणि व्हॉल्व्ह हाताने फिरवत खाली उतरवला. उजेडाकडे धरून आत फुंकर मारली. मग त्याची चिमुकली दांडी तीनदा वरखाली केली.

"ह्याला काही धाड भरलेली नाही."

"मग गळतो कसा?"

"तेच तर म्हणतोय." तरीही त्याने पिशवीतून दुसरा काढला. आट्यांवर टेफ्लॉनची पट्टी घट्ट गुंडाळली, बाण वर आहे ना ते पाहिलं, व्हॉल्व्ह हाताने बसेल तितका बसवला आणि वर पान्याने पाव वेढा दिला. तेवढाच. त्याहून आवळलं तर पितळ चिरतं. पाणी सुरू केल्यावर तोटीतून हवा खोकत खोकत बाहेर आली, मग धार सरळ झाली. सांध्यावरून त्याने कोरडं बोट फिरवलं आणि ते निबियाला दाखवलं. कोरडंच होतं.

"हे बघा बाई," सामान आवरता आवरता तो म्हणाला, "चांगला व्हॉल्व्ह उगीच गळत नाही. सव्वाचारला गळतोय, म्हणजे सव्वाचारला पाणी तापतंय. अख्खा गीझरच एकदा उघडून बघू द्या मला. आतली कॉइल, अर्थिंग, सगळं. तासाभराचं काम."

"नको."

"अहो, दहा वर्षांचा झालाय तो..."

"नको म्हटलं ना एकदा! व्हॉल्व्ह बदललास ना? झालं तर मग. नीघ आता."

डार्डोने खांदे उडवले. माणूस गेल्यावर बायका वस्तूंना जपतात, असं काहीतरी त्याच्या मनात आलं असणार. तो पिशवी उचलून गेला.

३

ती नको का म्हणाली हे गावात कुणालाही ठाऊक नव्हतं, कारण तिने ते कुणाला सांगितलंच नव्हतं.

हेबेर्ट सिमेंटच्या कारखान्यात होता. सकाळची पाळी करून चारला घरी यायचा तो डोक्यापासून पायापर्यंत करडा होऊन. ती भुकटी एका पाण्यात निघत नाही, आणि टाकी तर जेमतेम. म्हणून या घरात तो नियम मोडायचे, पण मोडायचे तेही नियमाने. पाणी गार झालं की हेबेर्ट धारेखालून बाजूला व्हायचा, कोरड्या पाटावर उभा राहायचा आणि स्वयंपाकघराच्या बाजूच्या भिंतीवर दोनदा टकटक करायचा. म्हणजे, म्हातारे, लाव. निबिया बटण लावायची. दहा मिनिटांनी बंद करून आपल्या बाजूने दोनदा वाजवायची. म्हणजे, म्हाताऱ्या, शीर पाण्यात. तीस वर्षं त्यांचं हे असं बिनबोभाट चाललं.

तीन वर्षांपूर्वीच्या जुलैत, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात, कडाक्याच्या थंडीत, तो आला, आत गेला. निबिया थर्मास आणि माते, म्हणजे इकडचा कडू पाल्याचा चहा, प्यायचा पोकळ भोपळा घेऊन स्वयंपाकघरात रेडिओपाशी बसली. चारला गावच्या रेडिओवर कोण कोण गेलं त्यांची नावं वाचतात, कुणाला किती वाजता नेणार तेही सांगतात. निबियाचं ते कधी चुकायचं नाही. त्या दिवशी तर तिच्या शाळेतली एक मैत्रीण गेली होती.

भिंतीवर टकटक झाली. नेहमीपेक्षा खालून. बसून पाय घासतोय वाटतं, असं निबियाच्या मनात आलं. ती उठली, बटण लावलं, परत येऊन बसली.

पुन्हा टकटक.

"लावलंय रे, लावलंय!" ती बसल्या जागेवरून ओरडली. "दहा मिनिटं दम धर, जीव खाऊ नकोस!"

आणखी एकदा वाजलं, जरा हळू. मैत्रिणीचं नाव आता येणारच होतं. निबियाने रेडिओचा आवाज मोठा केला.

मग भिंत गप्प झाली. तिला आठवण झाली ती वीस मिनिटांनी. बोळात लाल दिवा जळत होता. तिने दार उघडलं तेव्हा हेबेर्ट भिंतीच्या कडेला पडलेला होता आणि धार त्याच्या अंगावर चालू होती.

निबियाने आधी बटण बंद केलं. मग किंकाळी फोडली.

डॉक्टरांनी हृदय लिहिलं. हात धुता धुता, अर्धा तास आधी आणलं असतं तर, असंही ते काहीतरी पुटपुटले. बटणाचं कुणी विचारलं नाही. पण निबियाच्या डोक्यात तेवढंच राहिलं. तो पाटावर आला नव्हता, पाण्यातच होता, आणि मी वीज सोडली. गीझर उघडला, डार्डोचा टेस्टर टाकीला लावल्यावर पेटला, की ते कायमचं खरं होणार होतं. म्हणून तीन वर्षं तिने ते पिंप कुणाला उघडू दिलं नव्हतं.

४

हा दुसरा नवा व्हॉल्व्हही गळला. बुधवारी, सव्वाचारला.

निबिया काही घाबरट बाई नव्हे. तिने विचार केला. उन्हाने पाईप तापत असेल? जुलैत कुठलं आलंय ऊन. शेजारी त्या वेळी पाणी बंद करत असतील, दाब वाढत असेल? तसं असेल तर पाणी गार हवं. बादली वाजायची थांबल्यावर ती आत गेली आणि तिने तळाशी साचलेल्या पाण्यात बोटं बुडवली. कोमट होतं. तिने बोटं एप्रनला पुसली, बादली मोरीत रिकामी केली आणि पुन्हा जागेवर ठेवली.

गुरुवारी तिने सव्वातीनलाच स्वयंपाकघरातला मेन स्विच पाडला. अख्ख्या घरात वीज नाही. फ्रिज गप्प, रेडिओ गप्प. खुर्ची घेऊन ती बोळात बसली. सव्वाचारला आत टप-टप झालं. मग थांबलं. मग टप-टप. एकटा थेंब कधीच नाही, तिसरा कधीच नाही. दोन आणि दोन आणि दोन. थेंबांना कुठे मोजता येतंय, असं ती स्वतःला म्हणाली. तरी मोजत बसली. दार दोन हातांवर होतं, पण वाजत असताना ते उघडायला ती उठली नाही.

मेन स्विच वर करते न करते तोच फोन वाजला. मुलगी, रोसिना.

"आई, शनिवारच्या नऊच्या बसने पोचतो आम्ही. सामान मागून येईल. आणि हे बघ, आता कायमचं येतोय, तेव्हा पहिल्याच दिवशी माझ्यामागे टुमणं लावू नकोस."

"मी कधी टुमणं लावते?"

"लावतेसच. थांब, मालेनाला तुझ्याशी बोलायचंय."

मालेना सात वर्षांची. "आजी, तुझ्या न्हाणीघरात मी एकटीच आंघोळ करणार. आई नाही आत येणार. मी मोठी झालेय."

"बरं हं, सोन्या."

"आणि पाणी गार झालं तर काय करायचं?"

"हाक मारायची," निबिया म्हणाली. "मोठ्याने हाक मारायची. भिंतीवर वाजवत बसायचं नाही. कळलं?"

"भिंतीवर कशाला वाजवू?" मालेना हसली.

निबियाने फोन ठेवला. आपण खुनी ठरू की नाही हा प्रश्न तिने तीन वर्षं उरावर वागवला होता, आणखी वीस वर्षंही वागवला असता. पण परवापासून त्या पिंपाखाली सात वर्षांची पोर उभी राहणार होती. तिने डार्डोचा नंबर फिरवला.

"उद्या ये," ती म्हणाली. "सगळं उघड."

५

शुक्रवारी दहाला डार्डो आला. तिने त्याला आत सोडलं आणि स्वतः बोळात उभी राहिली, हात काखेत घट्ट दाबून.

त्याने टाकीच्या पत्र्याला टेस्टर लावला, पाईपला लावला, तोटीला लावला. बटण लावून पुन्हा सगळीकडे लावला. मग वीज तोडून खालचं झाकण काढलं, कॉइलच्या तारा सोडवून मीटर जोडला. मीटरवर टिचकी मारली, पुन्हा पाहिलं. असा तासभर गेला. निबियाचे पाय बधिर झाले.

"दोन्या निबिया," तो शेवटी म्हणाला, "ह्याचं अर्थिंग माझ्या घरच्यापेक्षा चांगलंय. हेबेर्टने स्वतः केलेलं ना? वाटलंच. एकेक सांधा बघा कसा घोटलाय. कॉइल मूळचीच, तिचं सील कुणी तोडलेलंही नाही. ह्यातून कुणाला मुंगी चावल्याइतकाही झटका बसायचा नाही."

"आत्ता बसायचा नाही. पण... तीन वर्षांपूर्वी?"

डार्डोने तिच्याकडे पाहिलं. मग त्याला कळलं, आणि त्याचा आवाज एकदम खाली आला. "बाई, झटका देणारा गीझर आपोआप बरा होत नाही. दिवसेंदिवस बिघडतच जातो. हा कधीच बिघडलेला नाही. हेबेर्टचं हृदयच होतं ते. तुम्ही इतकी वर्षं हे मनात ठेवून... अहो, मला विचारायचं तरी एकदा!"

निबिया तिथेच बोळात, जमिनीवर बसली. ती रडली, मधेच हसली, एप्रनने नाक पुसलं. तीन वर्षांनी तिच्या जिवात जीव आला. डार्डोला काय करावं सुचेना, म्हणून तो टाकीच्या तळाशी साचलेल्या चुन्याबद्दल बोलायला लागला. अर्ध्या टाकीत तर दगडच भरलाय म्हणाला. त्याने टाकी रिकामी केली, बोल्टांवरून उतरवली, पाईपांच्या तोंडांना बुचं मारली आणि पिंप खांद्यावर घेतलं.

"माझ्या परसात नेऊन साफ करतो. सकाळी आठला आणून लावतो. नऊला पोर आली की गरम पाणी तयार."

"देव तुझं भलं करो, डार्डो."

"देवाचं सोडा. उद्या काहीतरी गोड करून ठेवा."

तो गेला. भिंतीवर दोन बोल्ट राहिले आणि पिंपाच्या जागी पांढरा स्वच्छ चौकोन. खाली रिकामी बादली. ती उचलून ठेवायचं दोघांच्याही लक्षात आलं नाही.

दुपारी निबियाने मातेसाठी पाणी तापवलं. घर कसं हलकं वाटत होतं. पहिला घोट घेतला आणि तिचा हात तिथेच थांबला.

त्या दिवशी हेबेर्ट आत जाऊन पाच मिनिटंही झाली नव्हती. पाच मिनिटांत पाणी गार होत नाही. वीज त्याला लागली नव्हती. मग तो टकटक कशासाठी करत होता?

नेहमीपेक्षा खालून. तीनदा. शेवटचं हळू.

बाहेर कुणाचं तरी कुत्रं भुंकत होतं. निबियाने भोपळा टेबलावर ठेवला.

६

चारला रेडिओवर नावं सुरू झाली. रेडिओ बंद करायलाही निबिया उठली नाही.

सव्वाचारला न्हाणीघरात बादली वाजली. टप-टप.

टाकी डार्डोच्या परसात होती. पाईपांना बुचं होती. कुठेतरी पाणी झिरपत असेल, असं निबियाने मनाला सांगून पाहिलं. मन ऐकेना. टप-टप. आणि मग तिच्या खुर्चीमागच्या भिंतीवर, जमिनीपासून वीतभर उंचीवर, टकटक.

तिची पाचावर धारण बसली. पण ती उठली. या वेळी तरी उठायचंच, एवढं एकच तिला सुचत होतं. उद्या मालेना आत असताना ती भिंत वाजू द्यायची नव्हती. बोळात आली. बटणाकडे तिने पाहिलंही नाही.

"आले रे," ती म्हणाली. "आले, म्हाताऱ्या. आले." आणि दार उघडलं.

आत वाफ कोंडली होती. टाइल्सवरून पाणी ओघळत होतं. गरम ओल तोंडावर आली, आणि तिच्यात सिमेंटचा वास होता, हेबेर्टच्या शर्टाला यायचा तो. पुढचं काही दिसेना. खाली, भिंतीच्या पायथ्याशी तेवढी वाफ विरळ झाली आणि निबियाला चार बोटांची पेरं दिसली. करडी, टाइलला टेकलेली. मनगटाच्या मागे नुसती वाफ होती.

निबियाने पाऊल टाकलं. सपाता ओल्या फरशीवरून सटकल्या. पडताना तिने धरायला हात वर केला, पण पिंपाच्या जागी काहीच नव्हतं. कमरेत काहीतरी मोडल्याचा आवाज तिने स्वतः ऐकला. मागे दार आपसूक लागलं.

तिने डोळे उघडले तेव्हा वाफ नव्हती. फरशी गार आणि कोरडी होती. तिथे कुणी नव्हतं. भिंतीच्या कडेला ती एकटीच पडली होती, गाल टाइलला लागलेला. उजवा पाय तिचा म्हणून हलत नव्हता. ओरडायला तोंड उघडलं, पण छातीत श्वासच पुरेना. नुसती फुसफुस झाली.

ठीक आहे, तिने मनाशी म्हटलं. पडले, हाड मोडलं, म्हाताऱ्या बायका पडतात. सकाळी आठला डार्डो येईल. नऊला रोसिना येईल. फक्त तोवर दम धरायचा. पण छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटत होतं आणि सकाळ फार लांब होती. भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात रेडिओवर नावं वाचणं चालू होतं. तिने हात सरकवला, पेरं टाइलला टेकवली. हातात दोनच वेळा वाजवायचं बळ होतं.

टकटक.

स्वयंपाकघरात खुर्ची सरकली.

कुणीतरी आहे! शेजारीण असेल. बोळात सपातांचा आवाज आला, घसटत येणारा, डावा पाय जरा ओढणारा. ती चाल तिला ओळखीची वाटली. कुणाची ते क्षणभर आठवेना. मग तिने आपल्या पायांकडे पाहिलं. डाव्या पायात अजून सपात होती.

पावलं दारापाशी येऊन थांबली. दाराखालच्या फटीत सावली पडली. बटणाचा खट् आवाज झाला. सावली हलली आणि पावलं परत गेली.

"अगं, उघड!" निबिया म्हणाली. आवाज तिच्या ओठांबाहेर पडलाच नाही. तिने पुन्हा भिंत वाजवली. टकटक.

"लावलंय रे, लावलंय!" पलीकडून बाईचा आवाज आला. कातावलेला, ठणठणीत, तिचा स्वतःचा. "दहा मिनिटं दम धर, जीव खाऊ नकोस!"

निबियाने सगळं बळ गोळा केलं आणि तिसऱ्यांदा वाजवलं. ते फार हळू झालं.

पलीकडे रेडिओचा आवाज मोठा झाला.